वहीतलं तुझं पान

१२ फेब्रुवारी

प्रिय मिलीमीटर,

हे नाव तिकडे, नव्या ऑफिसात, कोणाला माहीत नसेल. पण पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी ड्रॉइंगवर वाकून "हा कोपरा एक मिलीमीटर चुकलाय" असं तू म्हणाली असशीलच, आणि त्या बिचाऱ्याने पट्टी लावून पाहिली असेल, आणि तू बरोबर निघाली असशील. त्यामुळे तिकडेही लवकरच हेच नाव पडेल. मी वाट बघते.

पत्र का, फोन का नाही? कारण फोन तू उचलत नाहीस. चार वेळा केला. पाचव्यांदा करताना माझा मानीपणा आडवा आला. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

इकडची खबर अशी. तू काढलेला बेडचा कठडा आता कारखान्यातून बाहेर पडतोय. एका हाताने उघडतो, दुसऱ्या हातात सलाइनची बाटली असली तरी. मोठ्या हॉस्पिटलातल्या मुख्य नर्सबाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं, की कठडा उघडताना बोट चिमटण्याची तक्रार एकही नाही. तुझ्या टेबलावर मी अजून कोणाला बसवलेलं नाही. प्रिंटर ठेवलाय. तो खूप आवाज करतो, पण निदान वाद घालत नाही.

सुतारकाका तसेच. अजून प्रत्येक नमुना आधी लाकडात करतात आणि आम्ही संगणकावर काय केलंय ते बघायलाही नकार देतात. मागच्या महिन्यात चष्मा बदलायला तुझ्या भावाच्या दुकानात गेले होते. तुझ्याबद्दल थोडं बोलणं झालं म्हणे. ते असो.

आता वहीचं. तू कठड्याचं जुनं ड्रॉइंग शोधायला माझा खण उघडलास, त्यात ती निळी वही होती, टीममधल्या प्रत्येकाचं एक पान. तू तुझं वाचलंस, वही होती तशी ठेवलीस, वर कपाटाची किल्ली ठेवलीस आणि तीन ओळींचा राजीनामा. बारा वर्षं आपण एका खोलीत काम केलं, त्याला तीन ओळी. मी तर कठडा अडकवायच्या खिटीबद्दलही याहून जास्त लिहिते.

त्या वहीत काय पाप होतं? सुतारकाकांच्या पानावर लिहिलंय: सकाळी अकरापर्यंत बोलू नये. कौतुक एकट्यात करावं, चारचौघांत लाजतात. रंगांचं काम बघणारीच्या पानावर: चुका लिहून द्याव्यात, तोंडी सांगितल्या की रडते आणि मग रडल्याबद्दल स्वतःवरच चिडते. ही काय हेरगिरी झाली? मी माणसं लक्षात ठेवत होते. तुझ्या पानावर लिहिलं होतं: चूक सरळ सांगावी, घुमवून बोललं की डोकं फिरतं. वाईट बातमी काम संपल्यावर द्यावी, एकटीला, हातात काहीतरी देऊन. आणि त्याखाली ते एक वाक्य होतं.

"आईची चौकशी केली की नरम पडते."

वाक्य वाईट आहे. मान्य करते. पण मी तुझ्या आईची चौकशी मनापासूनच करत होते गं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

एवढं तरी कळव की पत्र पोचलं.

तुझी,
ताई


२ मार्च

प्रिय मिलीमीटर,

तुझं उत्तर नाही. मी धरूनच चालले होते, तरी रोज दुपारी टपालाच्या खणात हात घालून बघते. शिपायाला वाटतंय मला कुठली तरी नोटीस यायचीय.

गेल्या आठवड्यात कंपनीने माझ्याकडून एक वर्ग घेतला. नव्याने टीमप्रमुख झालेली बारा माणसं आणि फळ्यावर विषय: 'माणसं ओळखून टीम चालवणं'. वरच्या साहेबांना वाटतं माझ्याकडे काही गुपित आहे. वीस वर्षांत माझ्या टीममधून दोघंच गेले, एक निवृत्त झाले आणि एक तू.

मी त्यांना माझ्या पहिल्या साहेबांची गोष्ट सांगितली. तुला पाठ आहे ती, तरी ऐक. तीन वर्षं त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. 'दुसऱ्या टेबलावरची' म्हणायचे. माझे वडील गेले, मी चौथ्या दिवशी कामावर आले, आणि ते म्हणाले, "बाकीचं राहू दे, खुर्चीच्या पायाचं ड्रॉइंग कुठंय?" त्या दिवशी मी ठरवलं होतं, की माझ्या हाताखाली माणसं आली तर त्यांच्या घरी कोण आजारी आहे हे मला माहीत असेल. म्हणून तुम्हा सगळ्यांच्या घरी माझा नंबर होता. काहीही झालं तर आधी ताईला फोन करा. तुमच्या नवऱ्यांना, बायकांना, भावांना मी स्वतः सांगितलं होतं. रंगवालीचा मुलगा शाळेत पडला तेव्हा तिच्याआधी मी पोचले होते. त्या वर्गात हे सांगताना मला माझाच केवढा अभिमान वाटत होता.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तुझ्याच वयाची असेल, केस तसेच कसेतरी बांधलेले. म्हणाली, "माणसाचं सगळं माहीत असलं, की त्याच्याकडून हवं ते करून घेता येतं. मग थांबायचं कुठे, हे कसं कळतं?"

मी तिच्यावर उखडले. चांगलीच. म्हटलं, ज्याच्या मनात खोट असते त्यालाच असे प्रश्न पडतात. ती मुलगी खाली बसली. नंतर चहाच्या वेळी मी तिला शोधत होते, पण ती निघून गेली होती.

तुला एक विचारायचं आहे. भाऊ आणि तू बोलत नाही, असं सुतारकाकांकडून कळलं. आई गेल्यापासूनच. ते का, हे तुला माहीत आहे का? त्याने तुला कधी काही सांगितलं? की तुम्ही दोघं एकाच साच्यातली, राग आला की तोंडाला कुलूप?

माहीत नसेल तर नसू दे. मी उगाच विचारलं.

ताई


१९ मार्च

मिलीमीटर,

मी उगाच विचारलं नव्हतं.

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं, आणि हे मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच लिहितेय, म्हणजे लगेच टपालात टाकता येईल. घरी नेलं तर फाडेन.

दोन वर्षांपूर्वी तुझी आई गेली त्या दिवशी कठड्याचा शेवटचा रिव्ह्यू होता. हॉस्पिटलच्या समितीचे पाच जण समोर. त्यांनी नाही म्हटलं असतं तर दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं. आपली पद्धत नेहमीची: ज्याने काढलं त्याने गप्प बसायचं, दुसऱ्याने मांडायचं, म्हणजे कोणी आपल्या लेकराची वकिली करत नाही. म्हणून कठडा तुझा आणि बोलणार मी. सगळ्यांचे फोन बंद करून बिस्किटाच्या डब्यात. माझा तेवढा चालू, कारण घरची माणसं माझ्यावर विसंबलेली. तू सकाळीच भावाला सांगितलं होतंस, आज माझा फोन लागणार नाही, ताईंना कर.

त्याने केला. दोन वाजून दहा मिनिटांनी. मी नमुन्याची दुसरी खिटी आणायला बाहेर आले होते.

तो म्हणाला, "ताई, डॉक्टर म्हणतात आता फार वेळ नाही. आई शुद्धीवर आहे, तिचं नाव घेतेय. तिला लगेच पाठवा."

मी म्हणाले, "हो, लगेच पाठवते."

आणि खिटी घेऊन आत आले, आणि बोलायला लागले.

गाडीने वीस मिनिटांचा रस्ता होता. तीन वाजता फोन खिशात पुन्हा थरथरला. मी बोलता बोलता तो बंद केला. रिव्ह्यू चार वाजून गेल्यावर संपला. समितीने हो म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुझ्या पाठीवर थापा पडल्या. मग मी तुला बाजूच्या खोलीत नेलं, हातात चहाचा कप दिला आणि म्हणाले, "आत्ताच भावाचा फोन आला."

आत्ताच.

वही म्हणत होती, काम संपल्यावर, एकटीला, हातात काहीतरी देऊन. मी वहीप्रमाणे वागले. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगतेय.

आई तीन पंचवीसला गेली. तू पोचलीस तेव्हा चेहरा झाकलेला होता. तू भावाला म्हणालीस, "निरोप मिळाल्या मिळाल्या निघाले." त्याला माहीत होतं की निरोप दोन दहाला दिलाय, कारण मी त्याला 'लगेच पाठवते' म्हणाले होते. त्याला वाटलं, आई हाक मारत असताना तू टाळ्यांसाठी थांबलीस, आणि वर तोंडावर खोटं बोललीस. तो तुला काही बोलला नाही. बोललाच नाही, त्या दिवसापासून.

तू वहीतलं एक वाक्य वाचून गेलीस. मला तेव्हा दुःख झालं, हे खरं. पण त्याखाली सुटल्यासारखंही वाटलं होतं. तुला एवढंच कळलंय, असं वाटलं. तुमचं भावाबहिणीचं बोलणं थांबलंय हे मला खरंच माहीत नव्हतं. सुतारकाकांनी सांगितलं. त्यांना तुझा भाऊ म्हणाला होता, "दोनला निरोप दिला होता, काका. तिला उठावंसं वाटलं नाही." सुतारकाका मला हे सांगत होते आणि माझ्याकडे बघत होते. ते त्या दिवशी माझ्या शेजारीच उभे होते ना. तीन वाजता मी खिशात हात घालून काय बंद केलं, ते त्यांनी पाहिलं होतं.

माफी मागण्याइतकं तोंड मला राहिलेलं नाही. तुझा भाऊ तुझ्यावर रागावलाय तो माझ्यामुळे, एवढं तुला कळायला हवं होतं.


६ एप्रिल

मिलीमीटर,

पत्र पोचलं की नाही, कळायला मार्ग नाही. पत्ता सुतारकाकांनी ऐकीव दिलेला, आणि ते सहा आणि नऊमध्ये नेहमी घोळ घालतात. म्हणून काल मी भावाच्या दुकानात गेले.

सकाळी दुकान उघडता उघडता पोचले. तो काचा पुसत होता. मला बघून चेहरा उजळला. म्हणाला, "या ताई, बसा. नंबर वाढला वाटतं?" गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं, समोर आरसा ठेवला. त्या आरशात माझं तोंड बघत मी त्याला सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, वेळेसकट.

तो पुसत होता ती काच पुसतच राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "तीनला मी परत केला होता."

"हो. मी बंद केला."

"मला वाटलं, तुम्हीच तिला गाडीतून आणत असाल, म्हणून उचलत नसाल. मी आईला सांगितलं, आली बघ, रस्त्यातच आहे." त्याने काच उजेडात धरून पाहिली. "पंचवीस मिनिटं तेच सांगत होतो."

मिलीमीटर, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे.

मग त्याने काच खाली ठेवली. "आणि मी दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, की माझ्या बहिणीला कामापुढे आई दिसली नाही. आत्या तिच्याशी बोलत नाही. मामा बोलत नाही. मी सांगितलंय सगळ्यांना." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "हे तुम्ही तिला सांगितलंत का?"

"पत्र लिहिलंय."

"पत्र!" म्हणाला. "मॅडम, माझ्याकडे तिचा नंबर आहे. तुम्ही जरा बाहेर थांबा."

ताई म्हणणारा माणूस मॅडम म्हणाला. मी बाहेर जाऊन उभी राहिले. दुकानाला मोठी काच आहे, आतलं सगळं दिसत होतं. त्याने फोन लावला, कानाला धरून बराच वेळ नुसता उभा राहिला. मला वाटलं, तू उचलत नाहीस. मग त्याचे ओठ हलले. एकच शब्द असावा, तुझं घरचं नाव असेल, जे मला बारा वर्षांत तू कधी सांगितलं नाहीस. मग तो मी उठले होते त्या स्टुलावर मटकन बसला आणि चष्मा काढून डोळ्यांवर हात धरला. पुढचं मी पाहिलं नाही. ते माझं नव्हतं.

वहीची पानं मी ज्याची त्याला देऊन टाकली. रंगवालीने न वाचता घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. सुतारकाकांनी तिथेच उभ्याने वाचलं. म्हणाले, "मला साखरेचा त्रास आहे हे लिहून ठेवलंयत, आणि तरी दर वाढदिवसाला केक आणता?" मी हसले, तेही हसले. मग जाता जाता म्हणाले, "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मीही टाळ्या वाजवल्या."

तुझं पान या पत्रासोबत ठेवलंय.

टीम मी सोडली. साहेबांना कारण सांगितलं, खरं. ते म्हणाले, "एवढी जुनी गोष्ट." मला माझे पहिले साहेब परवडले असं वाटलं. त्यांनी निदान विचारपूस करण्याचं नाटक केलं नव्हतं.


२७ एप्रिल

मिलीमीटर,

तुझं पाकीट आलं. त्यात मी पाठवलेलं पान परत, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर तुझ्या त्या सरळ, छापल्यासारख्या अक्षरांत एकच प्रश्न. प्रिय नाही, ताई नाही, खाली सहीही नाही.

"त्या दिवशी मला तोंडही उघडायचं नव्हतं. तुम्हीच बोलणार होतात. मग मला कशाला बसवून ठेवलंत?"

तू बारीक बघणारी. दोन वर्षं माझ्या डोळ्यांपुढे असलेली गोष्ट तू एका वाचनात धरलीस.

उत्तर तीनदा लिहिलं. आधी लिहिलं, समितीने काही बारीक विचारलं असतं तर तू हवी होतीस. खोटं आहे. कठड्याचं प्रत्येक माप मला तोंडपाठ होतं, आणि तू उठून गेली असतीस तर समितीतल्या मुख्य नर्सबाईंनीच म्हटलं असतं, जा बाई, आईपेक्षा काय मोठं.

मग लिहिलं, वही. तेही खोटं. मार्चमधल्या त्या पत्रात ते मी खऱ्यासारखं लिहिलं, पण दोन दहाला मला वही आठवलीसुद्धा नव्हती. ती चारनंतर आठवली, चहाचा कप भरताना, तुला काय सांगायचं ते ठरवताना. आधी वागले आणि मग वहीत कारण शोधलं.

आता खरं लिहिते. मला भीती वाटते, मिलीमीटर. पाच माणसांपुढे उभं राहून बोलायची. तीस वर्षं वाटतेय. कोणाला माहीत नाही. टीममधल्या प्रत्येकाला कशाची भीती वाटते ते मी लिहून ठेवलं, स्वतःचं कोणाला कळू दिलं नाही. तू टीममध्ये आलीस तेव्हापासून मी तुला दर वेळी समोरच्या खुर्चीत बसवायचे. तू माझं बोलणं ऐकत तुझ्या वहीच्या कडेला काहीबाही काढत बसायचीस, मध्येच मान वर करून बघायचीस, आणि तेवढ्याने माझा आवाज सरळ व्हायचा. तुला वाटायचं मी तुला शिकायला जवळ बसवते. मीही तसंच सांगायचे सगळ्यांना.

दोन दहाला दाराच्या काचेतून मी तुला त्या खुर्चीत पाहिलं. हातात खिटी होती, कानात भावाचा आवाज होता. आत जाऊन तुझ्या खांद्याला हात लावायचा, 'जा' म्हणायचं, एवढंच काम होतं. पण मग ती खुर्ची रिकामी झाली असती आणि पुढचे दोन तास मला तिच्याकडे बघत बोलावं लागलं असतं.

हे सांगायला मी तयार नव्हते, म्हणून बाकी सगळं सांगत बसले.

तू विचारलं नाहीस, पण त्या दुपारी तू काय करत होतीस तेही तुला सांगायला हवं, कारण ते आता फक्त मलाच माहीत आहे. तू कडेला लहान लहान खिडक्या काढत होतीस. समितीतले म्हातारे डॉक्टर कठडा तीनदा उघडून बंद करून बघत बसले, तेव्हा तू हसलीस. तीन वाजून गेले होते. तू माझ्याकडे बघून हसलीस, आणि मला इतका धीर आला की उरलेलं सगळं मी कागद न बघता बोलले.

त्या दुपारी दोघींना तू हवी होतीस. तुझी आई तुझं नाव घेत होती, आणि मी तुला हाकही मारली नाही. मी फक्त जवळ होते, म्हणून तू मला मिळालीस.